एकच रील आठवडाभर गिरवा: छोट्या व्हिडिओंतून इंग्रजी शिकण्याची पद्धत

"समजतं सगळं, पण बोलायला गेलं की शब्द फुटत नाही." मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि पुढे अकरावी सायन्सला, नर्सिंगला किंवा नोकरीत इंग्रजीशी गाठ पडलेल्या कितीतरी जणांकडून हे वाक्य ऐकायला मिळतं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आजच्या तरुणांनी निदान दहा वर्षं इंग्रजीचा तास केलेला आहे. शब्द बऱ्यापैकी माहीत आहेत आणि काळ, प्रयोग, वाक्यप्रकार परीक्षेपुरते झाले आहेत. कमी पडली ती कानाची आणि जिभेची सवय. वर्गात साठ मुलं असतात, त्यात प्रत्येकाला रोज पाच मिनिटं बोलायला मिळणं शक्यच नव्हतं.

ही उणीव भरून काढायला रील्स आणि शॉर्ट्स फार उपयोगी आहेत, असं माझं ठाम मत आहे. २०२० च्या २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स भारतात आणले. तेव्हापासून खऱ्या माणसांचं खरं इंग्रजी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत प्रत्येकाच्या हातात आहे. अर्ध्या मिनिटाचा तुकडा वीस वेळा ऐकला तरी दहा मिनिटं लागतात. दोन तासांच्या सिनेमाचं असं करता येत नाही.

अडचण आपल्या पाहण्याच्या पद्धतीत आहे. बोट वर सरकतं, नवा व्हिडिओ येतो, 'अरे, हा शब्द छान आहे' असं वाटतं आणि तोवर पुढचा सुरू होतो. तासाभरात शंभर व्हिडिओ होतात, पण दुसऱ्या दिवशी त्यातलं एक वाक्यही तोंडात नसतं. नुसत्या ऐकण्याने बोलणं येत नाही, हे कॅनडात फार स्पष्टपणे दिसलं. तिथे इंग्रजी घरांतली मुलं वर्षानुवर्षं शाळेतले विषय फ्रेंचमधून शिकत होती. त्यांना फ्रेंच जवळजवळ फ्रेंचभाषक मुलांइतकं समजायचं, पण बोलताना-लिहिताना ती बरीच मागे पडायची. त्यावरून तिथल्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की भाषा कानावर पडणं पुरत नाही, ती आपल्याला घडवून बाहेर काढावी लागते. आपल्या 'समजतं पण बोलता येत नाही'चं उत्तर तिथेच आहे.

म्हणून खालची सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: आठवड्याला एकच व्हिडिओ घ्यायचा, रोज साधारण वीस मिनिटं द्यायची आणि तो तोंडपाठ होईपर्यंत सोडायचा नाही.

पहिली पायरी: अभ्यासाचं खातं वेगळं करा

नेहमीच्या खात्यावर अभ्यास होणार नाही. तिथे तुमच्या आवडीची गाणी, लग्नाचे व्हिडिओ, राजकारण सगळं रांगेत उभं असतं. इन्स्टाग्रामवर दुसरं खातं काढा किंवा यूट्यूबसाठी वेगळं गुगल खातं उघडा. तिथे शोध फक्त इंग्रजीत घ्यायचा, मराठी-हिंदी व्हिडिओ समोर आला की 'नॉट इंटरेस्टेड' दाबायचं आणि कामाचे दोन-चार व्हिडिओ पूर्ण पाहून लाइक करायचे. काही दिवसांत सगळा फीड त्या दिशेला वळतो.

फोनच्या 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये जाऊन त्या ॲपला रोजची मर्यादाही लावून घ्या. वीस मिनिटांचा अभ्यास करायला गेलेला माणूस दीड तासाने बाहेर येतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे.

दुसरी पायरी: व्हिडिओ निवडणं

इथे बहुतेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. 'लर्न इंग्लिश' असं शोधलं की 'व्हेरी गुड म्हणू नका, हे दहा शब्द म्हणा' छापाच्या रील्सचा पूर येतो. त्या पाहून शिकल्यासारखं वाटतं, पण दहा सुटे शब्द, ना संदर्भ, ना वाक्य, त्यामुळे त्यातलं काहीच अंगी लागत नाही. शशी थरूर यांनी २०१७ मध्ये एका ट्वीटमध्ये 'फरागो' (म्हणजे सरमिसळ) हा शब्द वापरला तेव्हा देशभर लोकांनी तो पाठ केला. बँकेच्या काउंटरवर किंवा मुलाखतीत तो कोणाला कधी लागला असेल? तुम्हाला आधी लागणार आहेत त्या 'मला पाच मिनिटं द्याल का', 'हे असं का झालं ते सांगतो', 'माझा तसा अर्थ नव्हता' अशा साध्या गोष्टी.

म्हणून व्हिडिओ असा निवडा, ज्यातला विषय तुम्हाला मराठीत आधीच पक्का माहीत आहे. निफाडच्या द्राक्षबागायतदाराने इंग्रजीतून द्राक्षाच्या छाटणीचे व्हिडिओ शोधावेत. कॅलिफोर्नियातला किंवा दक्षिण आफ्रिकेतला माणूस वेलीवर कात्री लावताना काय बोलत असेल, याचा निम्मा अंदाज त्याला चित्रावरूनच येतो. नर्सिंग करणाऱ्या मुलीने ड्रेसिंग कसं बदलावं, रुग्णाशी कसं बोलावं याचे व्हिडिओ घ्यावेत. परदेशी जाताना लागणारी ओईटी ही परीक्षा आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच असते, आणि तिच्यात असलंच बोलणं विचारतात. स्वयंपाक, बाइक दुरुस्ती, शिवणकाम यांतलं काहीही चालेल. अर्थ आधीच माहीत असला की सगळं लक्ष भाषेकडे देता येतं.

काहीच सुचत नसेल तर क्रिकेट घ्या. सामना संपल्यावर कर्णधार जे मिनिटभर बोलतो, त्याचे तुकडे भरपूर मिळतात. त्यात 'वी वेअर ट्वेंटी रन्स शॉर्ट', 'क्रेडिट टू द बोलर्स', 'द बॉल वॉझंट कमिंग ऑन टू द बॅट' अशी ठरावीक वाक्यं सतत येतात आणि आपण सामना पाहिलेला असल्यामुळे अर्थ अडत नाही. समालोचक हर्षा भोगले यांचं इंग्रजी तर आपल्यासाठी उत्तम नमुना आहे. हैदराबादेतल्या मराठी घरातला हा माणूस भारतीय वळणाचंच इंग्रजी बोलतो आणि ते जगभर समजतं. इंग्रजी नीट बोलायचं म्हणजे अमेरिकन आवाज काढायचा, हा समज त्यांना ऐकून मनातून जावा.

निवडीच्या आणखी तीन अटी आहेत. लांबी वीस ते पंचेचाळीस सेकंद असावी. शॉर्ट्स आता तीन मिनिटांपर्यंतचे असतात, पण तेवढे घेऊ नका. बोलणाऱ्याचा चेहरा दिसावा आणि मागे मोठं संगीत नसावं. तिसरी अट अनोळखी शब्दांची. न्यूझीलंडचे शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी दाखवलंय की मजकूर कोणाच्या मदतीशिवाय आरामात समजायचा तर त्यातले शेकडा ९८ शब्द ओळखीचे लागतात. आपण व्हिडिओ गिरवणार आहोत, त्यामुळे ९५ चालतील. माणूस मिनिटाला साधारण दीडशे शब्द बोलतो. म्हणजे अर्ध्या मिनिटात पंचाहत्तर, आणि त्यात अनोळखी तीन-चार. त्याहून जास्त निघाले तर व्हिडिओ बाजूला ठेवा.

निदान तीन महिने दोन-तीन माणसांचेच व्हिडिओ घ्या. एका आवाजाची सवय झाली की पुढचे व्हिडिओ निम्म्या श्रमात उलगडतात.

तिसरी पायरी: फोनला कामाला लावा

रील थांबवून मागे नेणं त्रासाचं असतं. शॉर्ट्ससाठी एक सोपा उपाय आहे. शॉर्टची लिंक कॉपी करून ब्राउझरमध्ये टाका, शक्यतो कॉम्प्युटरवर. त्या पत्त्यात 'शॉर्ट्स' हा शब्द आणि पुढे तिरकी रेघ असते. तेवढं खोडून तिथे इंग्रजीत 'वॉच', लगेच प्रश्नचिन्ह, मग 'व्ही' हे छोटं अक्षर आणि बरोबरचं चिन्ह टाका. पुढची अक्षरं तशीच ठेवा. तोच व्हिडिओ यूट्यूबच्या नेहमीच्या खिडकीत उघडतो. तिथे वेग कमी करता येतो, कॅप्शन चालू-बंद करता येतात, आणि कीबोर्डवरचा डावा बाण दाबला की पाच सेकंद मागे जाता येतं.

वेग ०.७५ च्या खाली नेऊ नका. त्याखाली आवाज ताणला जातो आणि शब्द एकमेकांना कसे जोडले आहेत तेच कळेनासं होतं.

इन्स्टाग्रामसाठी 'सेव्ह' करताना 'या आठवड्याचा' असं एक कलेक्शन करा आणि त्यात एका वेळी एकच रील ठेवा. रीलवर कॅप्शन नसतील तर अँड्रॉइडच्या बऱ्याच नव्या फोनच्या सेटिंगमध्ये 'लाइव्ह कॅप्शन' आहे. ते चालू केलं की फोनवर वाजणारं इंग्रजी खाली अक्षरांत उमटतं. यंत्राने लिहिलेल्या कॅप्शनमध्ये चुका असतात, विशेषतः नावं आणि तांत्रिक शब्दांत, हे ध्यानात ठेवा.

चौथी पायरी: ऐका आणि देवनागरीत लिहा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. आपल्याकडे इथे एक साधन असं आहे, जे इंग्रजांकडेही नाही: देवनागरी. आपली लिपी बऱ्याच अंशी उच्चाराप्रमाणे चालते. इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांसमोर असलं की कान फसतो. आपण जे छापलंय ते ऐकू आलं असं समजतो. म्हणून पहिले दोन दिवस कॅप्शन पूर्ण बंद ठेवा आणि कानाला जे ऐकू येईल ते जसंच्या तसं देवनागरीत उतरवा. अर्थ लागो न लागो.

समजा, व्हिडिओत कोणी राउटर कसा रीस्टार्ट करायचा ते सांगतंय. त्यातलं एक वाक्य: 'ऑल यू हॅव टू डू इज टर्न इट ऑफ अँड वेट फॉर अ मिनिट.' शाळेत आपण ते असं सुटं-सुटं वाचलं असतं. वहीत मात्र ते असं उतरेल: 'ऑल्यु हॅफ्टु डू इज् टर्निटॉफ्, अन् वेट् फ्रमिनिट्.' बोलणारा अमेरिकन असेल तर 'टर्निडॉफ्'.

आता कॅप्शन चालू करा आणि दोन ओळी एकाखाली एक ठेवा. 'हॅव टू'चं 'हॅफ्टु' झालं. 'टर्न', 'इट', 'ऑफ' हे तीन शब्द एका दमात जोडले गेले, कारण व्यंजनावर संपलेल्या शब्दापुढे स्वर आला. 'अँड'मधला ड गेला. 'फॉर अ' जवळजवळ नाहीसं झालं. इंग्रज घाईने बोलतात म्हणून कळत नाही, असं आपण म्हणतो; खरं कारण हे जोड आपल्याला कोणी ऐकवलेलेच नसतात. मराठीतही 'काय करतो आहेस'चं 'काय करतोयस' होतंच की, आणि पुस्तकावरून मराठी शिकलेला माणूस तिथे अडतोच.

असे फरक लाल पेनाने खुणावा. 'डिड यू'चं 'डिज्यू', 'व्हॉट डू यू'चं 'वॉड्यू', 'गोइंग टू'चं 'गॉना', 'लेट मी'चं 'लेमी', 'कुड हॅव'चं 'कुडव्'. एक जोडी विशेष जपा. 'मी करू शकतो' म्हणताना 'कॅन' हा शब्द 'कन्' असा पुसट येतो, आणि 'करू शकत नाही' म्हणताना 'कॅन्ट'वर जोर असतो, पण शेवटचा ट अनेकदा गिळला जातो. ट ऐकू येतो का, याची वाट पाहिली तर उलटा अर्थ घ्याल. जोर आहे की नाही ते ऐका.

याच वेळी आणखी एक गोष्ट दिसेल: तुमच्या देवनागरी ओळीत 'अ', 'द', 'टु', 'ऑफ' असे बारीक शब्द हमखास सुटलेले असतील. मराठीत 'अ' आणि 'द' यांना जुळणारं काही नाही, त्यामुळे कान त्यांना गाळतो आणि मग बोलतानाही ते गळतात. सुटलेल्या शब्दांभोवती गोल करा आणि तेवढ्यासाठी व्हिडिओ पुन्हा ऐका. व्याकरणाचे नियम पाठ करून जे होत नाही ते इथे हळूहळू होतं.

पाचवी पायरी: सोबत बोला

आता व्हिडिओ लावा आणि बोलणाऱ्याच्या किंचित मागे राहून त्याच्याबरोबर बोला. सुरुवातीला शब्दसुद्धा नकोत; नुसतं गुणगुणत चढउतार पकडा आणि ज्या शब्दावर जोर येतो तिथे टेबलावर टिचकी मारा. मराठीत आपण सगळ्या अक्षरांना बहुतेक सारखं वजन देतो. इंग्रजी ऐकणारा शब्द ओळखतो तो जोरावरून. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आहे, 'फटॉग्रफी'त दुसऱ्यावर. 'होटेल' आणि 'डेव्हलपमेंट' यांतही दुसऱ्यावरच. जोर चुकला की एकेक अक्षर स्पष्ट उच्चारूनही समोरचा 'पार्डन?' म्हणतो.

चार उच्चार मराठी जिभेला मुद्दाम शिकवावे लागतात.

'व्हेरी'मधल्या व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. 'वेदर'मधल्या डब्ल्यूला ओठ गोल होतात आणि दात कुठेच लागत नाहीत. आपण दोन्हीकडे एकच व वापरतो.

'थिंक' आणि 'दॅट'मध्ये जिभेचं टोक दातांच्या मध्ये येतं आणि हवा घासत बाहेर जाते. आपला थ आणि द दातांना टेकून सुटतो.

'झू'मधला झेड म्हणजे आपल्या 'जाड'मधला ज नव्हे. 'स' म्हणताना जीभ जिथे असते तिथेच ठेवा आणि घशातून आवाज द्या. जीभ वर टेकली नाही पाहिजे.

'पेन', 'टेन', 'कॅट' यांच्या पहिल्या अक्षरासोबत हवेचा झोत येतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. 'पेन' म्हणताना ती हलली पाहिजे, 'स्पेन' म्हणताना हलता कामा नये.

व्हिडिओत बोलणाऱ्याचा चेहरा दिसावा अशी अट घातली ती यासाठीच. ओठ पाहा, आरशात आपले पाहा. एखादा शब्द अडलाच तर 'यूग्लिश' या संकेतस्थळावर तो टाका. यूट्यूबवर लोकांनी तो जिथे जिथे उच्चारला आहे ते क्षण एकामागून एक ऐकू येतात.

सहावी पायरी: आवाज नोंदवा

व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. तिथे रोज त्याच वाक्यांची एक व्हॉइस नोट टाका. मूळ व्हिडिओ आणि आपली नोट लागोपाठ ऐका आणि एका दिवशी एकच दोष धरा: आज फक्त जोर, उद्या फक्त व्ही आणि डब्ल्यू. स्वतःचा आवाज पहिल्यांदा फार विचित्र वाटतो. सगळ्यांनाच वाटतो. तेवढ्यावरून थांबू नका, कारण आठवड्याच्या शेवटी पहिली आणि शेवटची नोट ऐकताना फरक तुमचा तुम्हालाच कळतो, आणि पुढच्या आठवड्याला बसायला एवढं पुरतं.

कीबोर्डवरच्या माइकला इंग्रजी भाषा देऊन तेच वाक्य बोलून पाहायलाही हरकत नाही. फोनने वेगळाच शब्द लिहिला तर तो उच्चार पुन्हा तपासा. मात्र फोनने बरोबर लिहिलं म्हणजे उच्चार बरोबर झाला, असं धरू नका; संदर्भावरून तो बरंच सांभाळून घेतो.

सातवी पायरी: वाक्य आपलं करा

इथवर तुम्ही दुसऱ्याचं वाक्य म्हणत होतात. आता त्याचा सांगाडा ठेवा आणि आतलं बदला. 'ऑल यू हॅव टू डू इज' हा तयार सांगाडा मिळाला आहे. पुढे 'फिल इन धिस फॉर्म', 'आस्क युअर टीचर', 'टेक द सेकंड लेफ्ट' लावा. अशी पाच वाक्यं करा, पाचही तुमच्या खऱ्या आयुष्यातली हवीत. दुकानात बसत असाल तर गिऱ्हाइकाला सांगण्याची करा, बीएस्सीला असाल तर प्रॅक्टिकलमधली. ती मोठ्याने म्हणा, मग वहीकडे न पाहता म्हणा, आणि एक तरी वाक्य त्या आठवड्यात खऱ्या माणसापुढे वापरा. मित्र किंवा मैत्रीण हीच पद्धत करत असेल तर एकमेकांना व्हॉइस नोट पाठवा. उत्तर इंग्रजीतच यायला हवं, एवढा एकच नियम ठेवा.

आपल्या जुन्या चुकाही इथेच सापडतात. 'आय ॲम हॅविंग अ कार', 'डिस्कस अबाउट', 'आय डिडन्ट वेंट', 'व्हेअर यू आर गोइंग?' ही सगळी मराठी किंवा हिंदी वाक्यरचनेची सावली आहे. व्हिडिओतली माणसं तोच आशय कसा मांडतात, ते वहीत शेजारी लिहीत जा.

आठवी पायरी: रविवार जुन्या व्हिडिओंचा

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं सगळ्यात वेगाने विसरतं ते पहिल्या काही तासांत आणि दिवसांत. पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी सुरुवातीला जवळजवळ आणि नंतर लांब अंतराने करायची. रविवारी नवं काही घेऊ नका. गेल्या आठवड्याची, महिन्यापूर्वीची वाक्यं आठवून म्हणा आणि मगच वही उघडा. वहीच्या समासात पुढच्या उजळणीची तारीख घातली तरी भागतं. फोनवरच हवं असेल तर 'अँकी' हे ॲप हे हिशेब आपोआप ठेवतं. अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर विकत.

काय टाळायचं

'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' म्हणणाऱ्या जाहिरातींना पैसे देऊ नका. मीम्समधल्या शिव्या आणि चालू शब्द ओळखायला शिका, पण मुलाखतीत किंवा वडीलधाऱ्यांसमोर ते तोंडात येऊ देऊ नका. ते कुठे चालतात आणि कुठे अंगाशी येतात, हे रीलमध्ये कोणी सांगत नाही. 'गॉना', 'वॉना' ऐकून समजले पाहिजेत, मात्र अर्जात किंवा ईमेलमध्ये पूर्ण शब्दच लिहायचे. मराठी अर्थ खाली छापलेल्या रील्सही नकोत, कारण डोळा आधी मराठीकडे जातो आणि कान झोपतो. लहान मुलांच्या हाती ही पद्धत देऊ नका. इन्स्टाग्रामची स्वतःची किमान वयोमर्यादा तेरा आहे, आणि त्याखालच्या मुलांसाठी गोष्टी वाचून दाखवणं केव्हाही चांगलं.

पुढे कधी सरकायचं

नवा, कधी न ऐकलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कॅप्शनशिवाय दोनदा ऐकून वहीत जवळजवळ पूर्ण उतरवता येऊ लागला की छोट्या व्हिडिओंचं काम झालं. मग बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम घ्या. त्यात दोघांचा संवाद असतो, वेग मध्यम असतो आणि संकेतस्थळावर पूर्ण संहिता मिळते. सहाच्या सहा मिनिटं गिरवायला जाऊ नका. एकदा सलग ऐका, त्यातलं आवडलेलं एक मिनिट निवडा आणि त्यावर चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा.